नाशाचे शब्द

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. यवतमाळच्या आमच्या वर्गांत इंग्रजी समानार्थी शब्दांचा पाठ चालला होता. फळ्यावर 'डिस्ट्रॉय', 'रुइन', 'डेव्हास्टेट', 'डेसिमेट' अशीं क्रियापदें लिहून होतात न होतात तोंच मागल्या बांकावरील एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, "सर, आमची पऱ्हाटी बोंडअळीनं गेली, तिला यांतलं कोणतं लावायचं?" तें वर्ष २०१७ होतें, गुलाबी बोंडअळीनें जिल्ह्यांतील कपाशीचीं बोंडें पोखरून टाकलीं होतीं. आम्हीं 'डिस्ट्रॉय' असें सांगून वेळ मारून नेली. मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

इंग्रजींतील हे शब्द बहुतेक लॅटिन कुळांतले आहेत. 'डिस्ट्रॉय' म्हणजे रचलेलें विस्कटणें. 'रुइन' म्हणजे कोसळणें. 'डेव्हास्टेट' म्हणजे ओसाड करणें. 'डेसिमेट'ची कथा तर अंगावर कांटा आणणारी आहे. रोमन सैन्यांत एखाद्या पथकानें कर्तव्यांत कसूर केली, तर चिठ्ठ्या टाकून दर दहांतील एकास ठार मारीत. त्या शिक्षेचें नांव ह्या शब्दांत उरलें आहे. आज मात्र कोणत्याही मोठ्या संहारास तो लावतात. रोजच्या वापरांत शब्दांच्या कडा अशा झिजतात.

आमच्या शब्दांकडे वळावें. पाणिनीय धातुपाठांत नश् धातूचा अर्थ 'अदर्शन' असा दिला आहे; नाश म्हणजे दिसेनासें होणें. ध्वंस् म्हणजे खालीं गळून पडणें. हा 'रुइन'चा सख्खा शेजारीच. 'बेचिराख' हा फारशी 'बेचिराग', म्हणजे दिवा नसलेला. मराठी तोंडांत 'ग'चा 'ख' झाला आणि आम्हांला त्यांत राख दिसूं लागली. परंतु मूळ शब्द आगीचा नव्हे, अंधाराचा आहे. घर उभें असेल, भिंती शाबूत असतील, पण सांजवात लावावयास कोणी उरलें नसेल, तर तें गांव बेचिराख होय. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उजाड करून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला, अशी परंपरा आहे. नांगर फिरविण्याचा हेतु घरें पाडण्याचा नव्हता, पुनः वस्ती होऊं नये हा होता. म्हणूनच पुढें तेथें सोन्याचा नांगर फिरविल्याची कथा सांगतात. आमच्या वऱ्हाडांत उजाड गांवाला 'रीठ' म्हणतात. तेथें माणूस नसतें. तरी शीव असते, आणि सरकारी कागदांत मौजाचें नांवही असतें. 'नामशेष' ह्या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर अशा रिठावर एकदां जाऊन यावें.

मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीनें १८४७ सालीं पुरा केला; १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. त्यापुढें शाळा, कचेरी व वर्तमानपत्र यांच्या वाटेनें इंग्रजी शब्द मराठी प्रतिशब्द मागत राहिले. घाईच्या भाषांतरांत मात्र प्रत्येक इंग्रजी क्रियापदापुढें एकच 'उद्ध्वस्त' उभा राहूं लागला. आज पूल उद्ध्वस्त, पीक उद्ध्वस्त, संसार उद्ध्वस्त. काय गेलें, काय उरलें, कोणामुळें गेलें, हें त्यावरून कळत नाहीं.

कचेरीचा शब्द 'नुकसान'. हा अरबी, मूळ अर्थ उणेपणा. म्हणून तो मोजतां येतो. पंचनामा होतो, टक्के मांडले जातात. २०१५ पर्यंत निम्मी हानि झाल्याखेरीज सरकारी मदतीस पीक पात्र ठरत नसे. त्या वर्षीं ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. शब्दाच्या अर्थावर येथें घरची चूल अवलंबून असते.

आणि शेतकऱ्याचा शब्द? 'गेलें'. पीक गेलें, बैल गेला. बेंबळा धरण झालें तेव्हां गांव धरणांत गेलें. 'डिस्ट्रॉय'ला कर्ता लागतो. 'गेलें' कर्त्यावांचून चालतें. त्यांत दुःख झांकण्याची खानदानी आहे, पण एक धोकाही आहे. जें आपलें आपण गेलें, त्याचा जाब कोणास विचारावा?

त्या मुलाच्या वाक्याचा आतां पुनः विचार करतां आमची चूक ध्यानांत येते. त्यानें नुसतें 'गेली' म्हटलें नव्हतें, 'बोंडअळीनं गेली' असें म्हटलें होतें. कारण त्यानें सोडलें नव्हतें. फळ्यावरील चारही शब्दांहून तें वाक्य पुरें होतें. त्याला इंग्रजी शब्द देण्यापूर्वीं आम्हीं तें वाक्यच फळ्यावर लिहावयास हवें होतें.