दात काढल्यानंतर इम्प्लांट: बोन ग्राफ्टपासून कॅपपर्यंतचे नियोजन

दाढ काढून त्या खड्ड्यात बोन ग्राफ्ट भरले की बहुतेक रुग्ण एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, आता दात कधी बसणार?" याचे उत्तर कॅलेंडर पाहून देता येत नाही. तिथे हाड किती आणि कसे तयार झाले आहे, यावर ते ठरते. घाईने बसवलेला इम्प्लांट सैल झाला तर काढावा लागतो आणि त्यासोबत आजूबाजूचे हाडही कमी होते. मग बऱ्याचदा पुन्हा ग्राफ्टपासून सुरुवात करावी लागते. म्हणून पुढचे टप्पे आधीच समजून घ्या.

ग्राफ्ट कशासाठी?

दात गेला की त्याच्या भोवतालचे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त होते. उंचीपेक्षा रुंदी अधिक कमी होते, कारण गालाकडची हाडाची भिंत पातळ असते. ग्राफ्टमुळे झीज कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. मांडवावर वेल चढावी तसे ग्राफ्टच्या कणांच्या आधाराने तुमचे स्वतःचे हाड वाढते. त्यासाठी वेळ द्यावाच लागतो.

ग्राफ्ट तुमच्याच हाडाचे, मानवी दात्याच्या किंवा प्राण्याच्या (बहुधा गायीच्या) प्रक्रिया केलेल्या हाडाचे किंवा कृत्रिम असू शकते. धार्मिक वा वैयक्तिक कारणाने हरकत असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. पर्याय उपलब्ध असतात.

इम्प्लांट केव्हा?

- दात काढताना लगेच: हाडाच्या भिंती शाबूत असतील, जंतुसंसर्ग आटोक्यात असेल आणि इम्प्लांट घट्ट बसत असेल तरच.
- खड्ड्यात ग्राफ्ट भरल्यावर: साधारण 3 ते 6 महिन्यांनी.
- जबड्याची रुंदी बरीच वाढवल्यास किंवा वरच्या दाढेच्या जागी सायनस लिफ्ट केल्यास: साधारण 6 ते 9 महिन्यांनी. मूळचे हाड पुरेसे असेल तर इम्प्लांट त्याच वेळीही बसवता येतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरते, हे स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांनी दाखवले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर असा उपचार केला. ही पकड येण्यास साधारण 2 ते 6 महिने लागतात. त्यानंतर कॅप. म्हणजे दात काढल्यापासून कॅपपर्यंत सहा महिने ते वर्ष लागणे नेहमीचेच आहे. घरात लग्नकार्य असेल तर तारीख आधी सांगा. तोवर तात्पुरता दात देता येतो.

स्कॅन का करायचा?

साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. सीबीसीटी स्कॅनमध्ये दोन्ही कळतात. खालच्या जबड्यातील नसेपासून किमान 2 मिलिमीटर आणि शेजारच्या दाताच्या मुळापासून सुमारे 1.5 मिलिमीटर अंतर राखावे लागते. नसेला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर राहू शकते.

डॉक्टरांना हे नक्की सांगा

- मधुमेह: साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट शक्य असतो. अलीकडचा एचबीए1सी अहवाल सोबत न्या.
- तंबाखू: विडी-सिगारेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा. धूम्रपानाने हाड भरून येण्यात अडथळा येतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. तोंडात ठेवायची तंबाखू हिरडीला इजा करते. सोडण्यासाठी हीच वेळ आहे.
- हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे: गोळ्या किंवा वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शनही. काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.
- रक्त पातळ करणारी औषधे: स्वतःहून बंद करू नका.
- तोंडाला किंवा मानेला पूर्वी दिलेले रेडिएशन.

थांबण्याच्या काळात

पहिल्या काही दिवसांत वाळूसारखे दोन-चार कण बाहेर येणे चिंतेचे नाही. त्या जागी जीभ किंवा बोट लावू नका, स्ट्रॉने पिऊ नका. सायनस लिफ्टनंतर नाक जोराने शिंकरू नका. तात्पुरता दात ग्राफ्टवर दाबत असेल तर लगेच दाखवा. सततच्या दाबाने हाड झिजते.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढणे, पू, ताप, न थांबणारा रक्तस्राव किंवा भूल उतरल्यावरही बधिरपणा राहणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात संपर्क साधा.

होकार देण्याआधी विचारा

1. सांगितलेल्या खर्चात ग्राफ्ट, स्कॅन, इम्प्लांट आणि कॅप सगळे येते का?
2. हाड पुरेसे तयार झाले नाही तर पुढे काय?
3. माझ्यासाठी ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात चालेल का?
4. इम्प्लांटची कंपनी आणि आकार लिहिलेले कार्ड मिळेल का?

कार्ड जपून ठेवा. पुढे दुसऱ्या गावी दुरुस्ती करायची झाल्यास ते उपयोगी पडते. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालची हिरडी आणि हाड आजारी पडू शकते. म्हणून रोज दोनदा ब्रश, दातांच्या फटींची सफाई आणि ठरल्याप्रमाणे तपासणी, हे कॅप बसल्यानंतरही कायम चालू ठेवा.