हजेरीबुकातलं नाव

जुनी सरकारी दप्तरं चाळताना मी एक पथ्य पाळतो. नाव दिसलं की आधी विचारायचं, हे इथं कुणी आणि कशासाठी लिहिलं? कोर्टाच्या कागदात फिर्यादीचं नाव असतं, साक्षीदाराचं असतं, जामीन राहणाऱ्याचंही असतं. आरोपीचं असलं, तरी आरोप म्हणजे निकाल नव्हे.

हा फरक पुसला गेला की काय होतं, ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसतं. सरकारनं एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नावं नोंदवहीत चढत. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायचीही सोय नव्हती. मग पोलिसांकडे हजेरी आली, परगावी जायला पास आला. १९११ मध्ये हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अशा कुटुंबांची 'सेटलमेंट' होती. तिथं मूल जन्मायचं तेच कुंपणात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवू लागल्या. संशय मात्र सुटला नाही. गावात चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच वस्तीवर येत. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त ही होरपळ वाचायला मिळते.

म्हणून सांगतो, श्रोते हो, आजही एफआयआरमध्ये कुणाचं नाव वाचलं, तर तपास सुरू झाला एवढंच समजावं. दोषी कोण, ते पुरावे तपासून न्यायालयानं ठरवायचं असतं.