‘शाय’ म्हणजे बुजरा
१. शाय : ‘लाजाळू’ हा अर्थ आज आधी आठवतो, पण तो मागाहून आलेला. जुन्या इंग्रजीत हा शब्द चटकन दचकणाऱ्याला लावत. जर्मन ‘शॉय’ त्याच कुळातला. घोडा बिथरून बाजूला सरला की इंग्रजीत सतराव्या शतकापासून हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतात.

मराठी ‘बुजरा’ही जनावराकडूनच आला असावा. धारूर-वडवणीकडची ऊसतोडीची बैलगाडी रस्त्याला लागते, समोरून ट्रकचा झगझगीत दिवा येतो. बैल बुजतो, कान टवकारून जू कडेला ओढतो, गाडीवान कासरा आवळतो. पाहुणे दिसताच आईच्या पदराआड दडणारं पोरही बुजरंच.

लाजायला निदान कुणी कौतुक तरी करावं लागतं. बुजायला नवखा माणूस पुरतो. म्हणून मूळ मजकुरातल्या ‘शाय’साठी येथे सर्वत्र ‘बुजरा’ योजला आहे. – संपा.