अटकेच्या नोंदी: हौगांगपासून ठाण्यापर्यंत

सिंगापूरच्या हौगांग भागात एखाद्या एचडीबी (सरकारी घरांच्या) ब्लॉकजवळ कधीकधी पोलिसांचा फलक उभा दिसतो. इथे चोरी झाली किंवा विनयभंगाचा प्रकार घडला, कुणी काही पाहिलं असेल तर कळवा, असा त्याचा आशय. गुन्हा कोणता ते लिहिलेलं असतं, जागा असते, नाव नसतं. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात कायद्याने लावायचा फलक याच्या अगदी उलट, कारण त्यावर अटक झालेल्याचं नाव आणि पत्ता असायला हवा. अटकेच्या आणि कैदेच्या नोंदींचा अभ्यास करू पाहणाऱ्या नव्या माणसाने आधी या दोन फलकांचा विचार करावा, असं मी सुचवेन. संकेतस्थळं, शोधखिडक्या, अर्जांचे नमुने हे सगळं नंतर बघता येतं.

बहुतेक जण या विषयाकडे हौसेने येत नाहीत, गरजेपोटी येतात. कुणाला घरातली खोली भाड्याने द्यायची असते, कुणाच्या मुलीचं स्थळ परदेशातलं असतं, कुणाचा भाचा दोन दिवस फोन उचलत नसतो. क्वचित एखाद्याला घराण्यात दबक्या आवाजात सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग काढायचा असतो. या सगळ्यांची पहिली अपेक्षा एकच असते: कुठेतरी एक खिडकी असेल, तिच्यात नाव टाकलं की उत्तर येईल. ही अपेक्षा अमेरिकेने लावलेली आहे. तिथल्या अनेक काउंट्यांमध्ये शेरीफचं कार्यालय तुरुंगात आणलेल्या माणसाची नोंद, त्याच्या छायाचित्रासह, सर्वांसाठी खुली ठेवतं. त्यावर एक ओंगळ धंदाही उभा राहिला. ही छायाचित्रं गोळा करायची, स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायची आणि ती काढून टाकण्यासाठी त्याच माणसाकडून पैसे मागायचे. काही राज्यांनी अशी वसुली बंद करणारे कायदे केले. पण आरोप रद्द झाल्यावरही ज्यांची छायाचित्रं फिरत राहिली, त्यांच्यासाठी हे कायदे उशिराच आले.

अटक, कोठडी, दोषारोप, खटला, निकाल, शिक्षा, सुटका असा हा क्रम आहे. प्रत्येक देश यातल्या एका ठिकाणी पडदा उघडतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो पुन्हा ओढून घेतो. पडदा कुठे उघडतो आणि कुठे मिटतो हे एकदा कळलं, की नोंद कुठे शोधायची आणि कुठे शोधण्यात अर्थ नाही हेही कळतं. माझ्या मते या क्षेत्राचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकीचा तपशील या दोन जागांभोवती जमतो.

सिंगापूरमध्ये पडदा न्यायालयाच्या दारात उघडतो. हौगांगची पोलीस चौकी, म्हणजे हौगांग नेबरहुड पोलीस सेंटर, अंग मो किओ विभागाखाली येते. तिथल्या काउंटरवर या आठवड्यात कुणाकुणाला धरलं असं विचारलं तर यादी मिळत नाही. अटकेबद्दल पोलिसांचं निवेदन निघतं तेव्हा त्यात सहसा वय असतं, पुरुष की स्त्री हे असतं, नाव नसतं. चांगी तुरुंगात आज कोण आहे, हे कुणालाही नाव टाकून शोधता येईल अशी सोयही नाही. मात्र अटक झालेल्याला 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याची हमी तिथल्या संविधानाच्या कलम 9 मध्ये आहे. एकदा स्टेट कोर्टात आरोप वाचला गेला की नाव जाहीर होतं, सुनावण्यांच्या रोजच्या यादीत दिसतं, वर्तमानपत्रात येतं. अल्पवयीनांना आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांना संरक्षण आहे. तेव्हा तिथे शोध घ्यायचा तो ठाण्याचा नव्हे, कोर्टाच्या यादीचा.

आणि तिथे पडदा मिटतोही. 1949 च्या गुन्हेगार नोंदणी कायद्यात 2005 मध्ये बदल झाला. शिक्षा 3 महिन्यांपेक्षा जास्त नसेल, किंवा दंड 2,000 सिंगापूर डॉलरच्या आत असेल, आणि त्यानंतर माणूस 5 वर्षं गुन्ह्यापासून दूर राहिला असेल, तर काही अटींवर त्याची नोंद संपली असं मानलं जातं. गंभीर गुन्ह्यांना ही सवलत नाही. 'तुमच्यावर गुन्ह्याची नोंद आहे का' या प्रश्नाला असा माणूस कायद्याने 'नाही' असं उत्तर देऊ शकतो. परदेशी वास्तव्याच्या अर्जांसाठी आपल्या लोकांना लागणारं पोलिसांचं 'सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स' ज्याचं त्यालाच मागता येतं. शेजाऱ्याचं मागता येत नाही, आणि हे मला योग्यच वाटतं.

या व्यवस्थेत एक अंधारी खोली मात्र आहे. 1955 चा गुन्हेगारी कायदा (तात्पुरत्या तरतुदी) नावाने तात्पुरता आहे, पण मुदत वाढवत वाढवत तो आजपर्यंत टिकला आहे. त्याखाली खटल्याविना स्थानबद्ध करता येतं. खटला नाही म्हणजे कोर्टाची यादी नाही, आणि जिथे कोर्ट हेच एकमेव दार आहे तिथे या माणसांची सार्वजनिक नोंद जवळपास उरतच नाही. व्यवस्था जितकी नीटनेटकी, तितकं तिच्यातलं हे भोक नजरेतून निसटतं.

आपल्याकडे पडदा ठाण्यातच उघडतो, निदान कागदावर तरी. कोठडीतल्या छळाच्या आणि मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बसू खटल्यात काही नियम घालून दिले. अटक झाल्यापासून 12 तासांत नियंत्रण कक्षाला कळवावं आणि तिथल्या फलकावर ते लावावं, हा त्यातला एक. पुढे तो फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 41-क म्हणून आला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 ने तो प्रत्येक ठाण्यापर्यंत नेला आणि माहिती डिजिटल स्वरूपातही दाखवायला सांगितली. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्याच 7 सप्टेंबर 2016 च्या निकालाने एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. त्यातून लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडून आज एफआयआर पाहता येतो.

या फलकाचा हेतू विसरला की सगळं वाचन फसतं. शेजाऱ्यांनी आरोपीला ओळखून राहावं म्हणून तो लावायचा नाही. रात्री उचलून नेलेल्या माणसाच्या बायकोला, आईला, वकिलाला तो कुठे आहे हे कळावं, आणि 24 तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही तर कुणाला जाब विचारायचा हे कळावं, म्हणून तो आहे. म्हणूनच जुन्या कलम 41-क मध्ये अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दाही फलकावर हवा होता. अटकेची नोंद पोलिसांनी काय केलं ते सांगते. त्या माणसाने काय केलं ते खूप पुढे, निकालात कळतं. आणि निकाल असतो दुसऱ्याच ठिकाणी, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा तालुक्याच्या कोर्टाच्या अभिलेख कक्षात. गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, घेऊन तिथपर्यंत जाणारे फार थोडे. एफआयआरची प्रत व्हॉट्सअॅपवर गावभर फिरते, निर्दोष सुटल्याचा कागद कुणी पाठवत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून कडू उदाहरण द्यावं लागतं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या 1924 पर्यंतच्या सुधारित रूपांनी माणसांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत चढली ती जन्मामुळे. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहायचं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. वह्या बंद झाल्या, पण त्या वाचण्याची सवय ठाण्यांमधून गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन 'उचल्या' अभ्यासकाने या वह्यांच्या शेजारी ठेवून वाचावं. नोंद ज्याच्याविषयी होती, त्याच्या बाजूचा तो पुरावा आहे.

आता सगळ्यात मोकळा आणि मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. सिंगापूरच्या जिवंत माणसांच्या नोंदी बंद आहेत, पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कैद्यांच्या खुल्या आहेत, आणि त्यात आपली माणसं आहेत. 1824 च्या इंग्रज-डच करारात इंग्रजांचं बेंकूलेन हे ठाणं डचांकडे गेलं, आणि 1825 मध्ये तिथले हिंदुस्थानी कैदी सिंगापूरला हलवले गेले. पुढची पस्तीसेक वर्षं बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून जन्मठेपेचे आणि हद्दपारीचे कैदी तिथे उतरत राहिले. 1861 मध्ये उपासनेला खुलं झालेलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि 1869 चं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे आजचं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, त्यांच्या हातांनी उभं राहिलं. सेरांगून रोडलगतच्या सरकारी वीटभट्ट्याही त्यांच्याच श्रमावर चालत. त्याच रस्त्याचा पुढचा भाग, अपर सेरांगून रोड, हौगांगला जातो. आज त्या रस्त्याने बसमधून कामाला जाणाऱ्या मराठी माणसाला हे सहसा ठाऊक नसतं.

मुंबई इलाख्यातल्या अशा कैद्यांना आधी ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवत. हाच तो किल्ला, जिथून 1816 मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले. नामवंत कैद्यांची चरित्रं असतात. ठाण्याहून एडनला नेलेले वासुदेव बळवंत फडके शाळकरी मुलालाही माहीत असतात. ज्याने दरोडा घातला, किंवा घातला असं शाबीत झालं, त्याच्या वाट्याला यादीतली एक ओळ येते: नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षा. बंगाल आणि मद्रासकडच्या कैद्यांच्या तर कपाळावरच गुन्हा गोंदलेला असे, 1849 मध्ये ती पद्धत बंद होईपर्यंत. सार्वजनिक नोंदीचा याहून सार्वजनिक नमुना नाही, आणि शेरीफच्या संकेतस्थळावरची छायाचित्रं बघताना मला हटकून ती कपाळं आठवतात.

सिंगापूरच्या तुरुंगात कैद्यांच्या सहा श्रेण्या होत्या. चांगल्या वागणुकीवर माणूस वर चढत जाई, बेड्या सुटत, आणि शेवटी कैद्यांवर देखरेख कैदीच करत. तिथले अधीक्षक मॅकनेअर यांनी 1899 मध्ये याच गोष्टीवर आपल्या पुस्तकाचं नाव बेतलं. पुस्तक जरूर वाचावं, पण ते जेलरने लिहिलं आहे हे लक्षात ठेवून. 1873 मध्ये हा तुरुंगी कारभार आवरला, उरलेल्यांपैकी काहींना अंदमानात पाठवलं, मोकळं राहण्याचा परवाना मिळालेले पुष्कळ तिथेच राहिले. पंजाबचे भाई महाराज सिंग 1850 मध्ये राजबंदी म्हणून आले आणि 1856 मध्ये कोठडीतच वारले. त्यांच्यावर खटला चाललाच नव्हता. 1955 च्या कायद्याआधी शंभर वर्षं ती अंधारी खोली तिथे होतीच.

वाटेतला एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. जुन्या मराठी कागदांत कुणब्याच्या मुलाचं नाव 'संभाजी बिन राणोजी' असं लिहिण्याची रीत होती. सिंगापूरच्या वाचकाला 'बिन' दिसला की माणूस मुसलमान किंवा मलय वाटतो. इंग्रज कारकुनाचं स्पेलिंग त्यात आणखी भर घालतं. म्हणून नावावरून शोध सुरू करू नये, तारखेवरून करावा. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं चाळण्यासाठी खुली केली आहेत. 'सिंगापूर फ्री प्रेस' 1835 चं, 'स्ट्रेट्स टाइम्स' 1845 चं. त्यात जहाजांच्या आगमनाचे रकाने असतात. मुंबईहून आलेलं जहाज आणि तारीख सापडली, की मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे त्या वर्षाचे खंड मागवावेत, आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे कागद पाहावेत. इंग्रजीतली ही बाजू क्लेअर अँडरसन आणि अनोमा पिएरिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी बरीच उजेडात आणली आहे. उरली आहे ती गावाकडची बाजू: पाटलाचा जबाब, जमिनीची जप्ती, मागे राहिलेल्या बायकोचा अर्ज. जिल्ह्याच्या दफ्तरातले त्या काळचे असे कागद मोडीत असतात, आणि ते ओळीओळीने लावून पाहायला मोडी येणारी माणसं हवी आहेत.