आलेंतेजोचे दगड आणि माणसें

पोर्तुगालचें नांव उच्चारलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. गलबतें, तोफा, गोवा, वसई आणि चौल, एवढीच त्या देशाची आपली ओळख. परंतु ज्या देशानें इतके दूरचे समुद्र धुंडाळले त्याच्या पोटांत एक असाही विस्तीर्ण मुलूख आहे कीं, तेथील बहुतेक गांवांतून समुद्र दिसत नाहीं. दिसतात तीं गव्हाचीं शेतें, ऑलिव्हचे मळे, आणि ज्यांच्या सालीपासून बाटल्यांचीं बुचें करतात त्या ओक वृक्षांच्या राया. या मुलुखाचें नांव आलेंतेजो. ‘तेजो नदीच्या पलीकडचा प्रदेश’ असा त्या नांवाचा अर्थ आहे. देशाचा जवळ जवळ एक-तृतीयांश भाग त्यानें व्यापला आहे. वस्ति मात्र विरळ. चुन्यानें पांढरीं केलेलीं घरें, माथ्यावर एखादा किल्ला, आणि उन्हाळ्यांत अंग भाजून काढणारें ऊन, असें तेथील खेड्यांचें सर्वसाधारण रूप आहे.

या प्रदेशांत प्रवाशानें काय पाहावें, हा आजचा विषय. प्रेक्षणीय स्थळांची नुसती यादी वाचून श्रोत्यांस कंटाळा यावयाचा. म्हणून एक प्रश्न बरोबर घेऊन आपण हिंडूं. राज्यें आणि धर्म बदलले म्हणजे दगडी इमारतींचें काय होतें, आणि त्यांत राहणाऱ्या माणसांचें काय होतें, हा तो प्रश्न होय.

आरंभ एव्होरा शहरापासून करणें सोयीचें. लिस्बनपासून पूर्वेस सुमारें १३० किलोमीटरवर हें तटबंदीचें शहर आहे. १९८६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश केला. शहराच्या अगदीं उंच भागीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एक रोमन मंदिर आहे. त्याचे १४ खांब अद्याप उभे आहेत; खांब ग्रॅनाइटचे, आणि त्यांचे तळखडे व शीर्षें संगमरवरी. लोक त्यास डायाना देवीचें देऊळ म्हणत आले. तथापि रोमन सम्राटाच्या पूजेसाठीं तें बांधलें असावें, असें विद्वानांचें मत आहे. हें मंदिर आजवर टिकलें कसें, याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. मध्ययुगांत कोणी तरी खांबांमधील मोकळ्या जागा भिंती घालून बुजविल्या, आणि पुढें त्या वास्तूंत खाटिकखाना सुरू झाला. तो १८३६ सालापर्यंत चालू होता! त्या भिंतींनींच खांबांस आधार दिला. १८७१ च्या सुमारास त्या काढून टाकण्यांत आल्या, तेव्हां आंतील मंदिर मोकळें झालें. सम्राटाच्या देवळाचें रक्षण खाटकांच्या हातून व्हावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

एव्होऱ्याच्या पश्चिमेस सुमारें १५ किलोमीटरवर, ओकांच्या राईंत, आल्मेंद्रेस येथें याहूनही पुरातन असें एक स्थान आहे. तेथें सुमारें ९५ उभे पाषाण लांबट वर्तुळांत मांडलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुने पाषाण उभारून सुमारें सात हजार वर्षें लोटलीं. ज्यांनीं ते उभारले त्यांचें नांव, भाषा अगर देव यांपैकीं कांहींच आज उरलेलें नाहीं. दगड मात्र उरले आहेत.

एव्होऱ्याच्या त्या मंदिराजवळच एक मोठा वाडा आहे. आज तेथें चित्रप्रदर्शनें भरतात. परंतु एके काळीं हें इन्क्विझिशनचें ठाणें होतें. ख्रिस्ती धर्मांत आणलेले लोक गुप्तपणें आपला जुना धर्म पाळतात काय, याची चौकशी करून त्यांना शिक्षा देणारें न्यायासन म्हणजे इन्क्विझिशन. पोर्तुगालांत तें प्रथम १५३६ सालीं याच शहरीं घोषित झालें आणि १८२१ सालीं रद्द झालें. या वाड्याची आठवण श्रोत्यांनीं मनांत ठेवावी. पुढें तिची गरज लागणार आहे.

एव्होऱ्याहून दक्षिणेस निघालें म्हणजे वाटेंत व्हिदिगेरा हें द्राक्षांच्या मळ्यांचें गांव लागतें. वास्को द गामा हा याच गांवाचा काउंट होता. १५१९ सालीं त्यास ही पदवी मिळाली. त्याचा जन्म याच प्रदेशांतील, परंतु समुद्रकांठच्या, सिनेश या गांवीं झाला होता. तो १५२४ सालीं कोचीन येथें मरण पावला. कांहीं वर्षांनीं त्याच्या अस्थि तेथून काढून समारंभानें व्हिदिगेऱ्यास आणण्यांत आल्या; तेथें त्या तीन शतकांहून अधिक काळ होत्या, आणि १८८० सालीं त्या लिस्बनच्या जेरोनिमोस मठांत नेण्यांत आल्या. राष्ट्र आपल्या वीराच्या अस्थींचा असा मान राखतें.

आणखी दक्षिणेस, ग्वादियाना नदीच्या कांठीं, मेर्तोला हें लहानसें गांव उतारावर वसलें आहे. येथील ग्रामदेवळांत, म्हणजे चर्चमध्यें, पाऊल टाकतांच खांबांच्या रांगा पाहून मनुष्य क्षणभर बुचकळ्यांत पडतो. ही बाराव्या शतकांतील मशीद! १२३८ सालीं ख्रिस्ती सरदारांनीं गांव जिंकलें आणि मशिदीचें चर्च केलें. परंतु ती पाडली नाहीं. मक्केची दिशा दाखविणारा मिहराब मुख्य वेदीच्या मागें आजही आहे, आणि घोड्याच्या नालासारख्या कमानींचीं दारेंही आहेत. १९७८ सालापासून विद्वानांनीं येथें पद्धतशीर उत्खनन चालविलें. त्यांतून निघालेल्या वस्तूंचें संग्रहालय एकाच इमारतींत नसून साऱ्या गांवभर विखुरलें आहे. एका ठिकाणीं मुसलमानी अमदानींतील रंगीत मातीचीं भांडीं, तर नगरपालिकेच्या कचेरीच्या तळघरांत रोमन घराचे पाये. गांवच संग्रहालय झालें आहे, असें म्हटलें तरी चालेल.

आतां उलट वळून उत्तरेस व्हिला व्हिसोझा येथें जाऊं. संगमरवराच्या खाणींचा हा भाग. ब्रागांझा घराण्याचा प्रचंड राजवाडा येथें आहे. तो बांधण्यास १५०१ सालीं प्रारंभ झाला. त्याचा संगमरवरी दर्शनी भाग सुमारें ११० मीटर लांब आहे. आज तें संग्रहालय असून, स्वयंपाकघरांतील तांब्याच्या भांड्यांच्या रांगा पाहून गृहिणींस कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. याच घराण्याचा ड्यूक जॉन १६४० सालीं पोर्तुगालचा राजा झाला. १९०८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस राजा कार्लोस याच वाड्यांतून निघाला आणि त्याच दिवशीं लिस्बनमध्यें मारेकऱ्यांच्या गोळ्यांस बळी पडला. परंतु मुंबईकरांनीं आवर्जून लक्षांत ठेवावी अशी गोष्ट निराळीच आहे. १६३८ सालीं या वाड्यांत एक मुलगी जन्मास आली. तिचें नांव कॅथरिन. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं तिचा विवाह ठरला तेव्हां, १६६१ च्या तहानें, मुंबईचें बेट तिच्या आंदणांत गेलें. ज्या शहराचा व्याप आज जगांत गाजतो आहे, तें एका नवरीच्या आंदणाच्या यादींतील एक कलम होतें!

त्याच मुंबईशीं संबंध असलेला दुसरा एक पुरुष आलेंतेजोच्या उत्तर टोंकास, स्पेनच्या सरहद्दीनजीक, कास्तेलो द व्हिद येथें १५०१ च्या सुमारास जन्मला. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. त्याचे आईबाप यहुदी. १४९२ सालीं स्पेनच्या राजाराणीनें यहुद्यांस देशाबाहेर घालविलें तेव्हां हजारों लोक सरहद्द ओलांडून या बाजूस आले, त्यांत तेही होते. परंतु पोर्तुगालच्या राजा मान्युएलनेंही १४९६ च्या अखेरीस यहुद्यांस देश सोडण्याचा हुकूम केला, आणि १४९७ सालीं त्यांना जाऊं न देतां बळानें बाप्तिस्मा दिला. याच सालीं, याच राजाच्या आज्ञेनें, गामाचीं गलबतें हिंदुस्थानाकडे निघालीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कास्तेलो द व्हिदच्या चढणीच्या गल्ल्यांतून यहुद्यांची जुनी वस्ति अद्याप ओळखूं येते. टोंकदार कमानींचे दरवाजे, आणि कांहीं चौकटींच्या दगडांत धर्मवचनाची गुंडाळी ठेवण्यासाठीं कोरलेल्या खांचा. त्यांचें लहानसें प्रार्थनामंदिर पुढें राहतें घर झालें, आणि घर म्हणूनच वांचलें. आतां तें संग्रहालय आहे. गार्सियानें स्पेनमधील विद्यापीठांत वैद्यक शिकून कांहीं काळ या गांवांत व्यवसाय केला. १५३४ सालीं तो हिंदुस्थानांत आला आणि पुन्हां मायदेशीं गेला नाहीं. गोव्यांत त्याचें घर, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं वैद्य म्हणून त्याचा राबता, आणि मुंबईचें बेट त्याच्याकडे पट्ट्यानें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेला त्याचा ग्रंथ येथील औषधी वनस्पतींवर असून संवादरूप आहे. त्यांत त्याच्या मुंबईच्या बागेंतील आंब्यांचाही उल्लेख येतो. आपल्याकडील वैद्यांचें व हकिमांचें ज्ञान त्यानें आदरानें नोंदविलें, आणि लॅटिन भाषांतरामुळें तें युरोपभर पसरलें.

गार्सिया १५६८ सालीं गोव्यांत वारला. तत्पूर्वीं, १५६० सालीं, इन्क्विझिशन गोव्यासही पोंचलें होतें. त्याच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें. १५८० सालीं खुद्द गार्सियाच्या अस्थि थडग्यांतून उकरून जाळल्या. एका पोर्तुगीजाच्या अस्थि हिंदुस्थानांतून सन्मानानें मायदेशीं गेल्या; त्याच प्रदेशांत जन्मलेल्या दुसऱ्याच्या, ज्यानें कोणावर तोफ डागली नाहीं, त्या अशा भस्म झाल्या.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. मंदिराचा खाटिकखाना झाला, मशिदीचें चर्च झालें, प्रार्थनामंदिराचें घर झालें. इमारतींनीं निमूटपणें धर्म बदलला आणि त्या वांचल्या. माणसांनींही तसाच बदलला. तथापि त्यांच्या मनांत काय आहे याची चौकशी थांबली नाहीं. दगडाच्या पोटांत जुना मिहराब राहिला तर चालतो; माणसाच्या पोटांत जुनी प्रार्थना राहिलेली चालत नाहीं, असा हा न्याय होता.

१९८९ सालीं पोर्तुगालचे अध्यक्ष मारिओ सोआरेस यांनीं कास्तेलो द व्हिद येथें येऊन या छळाबद्दल यहुदी समाजाची जाहीर क्षमा मागितली. साडेचारशें वर्षांपूर्वींच्या अन्यायाचें परिमार्जन शब्दांनीं होत नाहीं हें खरें. परंतु आपल्या देशाच्या इतिहासांतील काळें पान झांकून न ठेवतां तें पाहुण्यांसही दाखवावें, यांत एक प्रकारचें धैर्य आहे. मुंबईचा कोणी प्रवासी त्या बाजूस गेला तर राजवाड्यांतील राजकन्येचें जन्मस्थान त्यानें अवश्य पाहावें. परंतु पुढें उत्तरेस जाऊन, ज्या वैद्यानें मुंबईच्या आंब्यांची वार्ता युरोपास कळविली त्याच्या गांवच्या त्या लहान खोल्यांतही घटकाभर थांबावें.