वेडर्सच्या ठिगळाची कुळकथा

वेडर्स म्हणजे पायांपासून छातीपर्यंत चढणारी जलरोधक विजार. थंडगार नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळाने ट्राउट किंवा सामन धरणाऱ्यांचा हा पोशाख. काठावरच्या काटेरी तारेने त्याला ओरखडा काढला की पाय ओला झालाच म्हणून समजा. आजचं घाम बाहेर सोडणारं वेडर्स दुरुस्त करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पॉलियुरेथेनचा गोंद पुरतो. या जोडीचं कूळ शोधायला गेलं, तर वाट शिंप्याच्या सुईपर्यंत जाते.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये रबरी कापडाचं पेटंट घेतलं. दगडी कोळशापासून गॅस तयार करताना उरणाऱ्या डांबरातून नॅफ्था मिळे आणि त्यात रबर विरघळे. दोन कापडांच्या मध्ये हे द्रावण भरलं की पाऊस आत येत नसे. मात्र शिंप्यांनी त्या कापडाचे कोट शिवले आणि सुईच्या भोकाभोकातून पाणी पाझरू लागलं. शेवटी मॅकिंटॉशच्या कंपनीने कोट स्वतःच शिवायला घेतले आणि शिवणी रबरानेच बुजवल्या. ज्याने कापड जलरोधक झालं, त्यानेच त्याची भोकं बुजवायची, ही रीत तेव्हा पडली.

रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनायझेशनने, ज्याचं अमेरिकी पेटंट १८४४ चं, ती खोड मोडली. पुढे रबरी वेडर्स फाटलं तर दुरुस्ती सायकलच्या पंक्चरसारखीच: घासा, सोल्यूशन लावा, ठिगळ दाबा. अडचण वेगळीच होती. पाणी बाहेर राही, पण घामही आतच कोंडे.

त्यावरचा तोडगा १९६९ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये बॉब गोरच्या हाती लागला. पीटीएफईची, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं त्या पदार्थाची, तापवलेली कांडी हळूहळू ताणली की तुटे. गोरने वैतागून तिला एकदम हिसका दिला, तर ती कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याच्या थेंबाला ती फारच लहान, वाफेला पुरेशी मोठी. अशा ताणलेल्या पीटीएफईच्या पातळ पडद्यातूनच गोर-टेक्स आलं.

सुरुवातीच्या गोर-टेक्सचं दुखणं मात्र अंगाच्या तेलात निघालं. घामाबरोबरचं तेल छिद्रांत उतरलं की कापड गळू लागे. म्हणून पडद्याला पॉलियुरेथेनचा पातळ थर जोडण्यात आला. तो तेल अडवतो आणि बाष्प जाऊ देतो. १९९० च्या दशकात मोंटानाच्या सिम्ससारख्या कंपन्यांनी गोर-टेक्सचे वेडर्स बाजारात आणले.

दुरुस्तीची खरी गंमत पॉलियुरेथेनच्या या थरात आहे. काटा टोचून पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही. पण वेडर्स पूर्ण वाळवून, उलटं करून आतून अल्कोहोल फवारलं की गळकी जागा काळपट ठिपक्यासारखी उमटते. पीटीएफईवर पाणी पसरत नाही; अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच, त्यामुळे ते त्याच्या छिद्रांत झिरपतं. थर शाबूत असेल तिथे त्याला वाट मिळत नाही, फुटला असेल तिथून ते आत शिरतं आणि ठिपका दिसतो. तेलाला अडवायला घातलेला थर असा भोकाचा पत्ताही देतो.

ठिपक्याभोवती खूण करायची, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं आणि अ‍ॅक्वासीलसारख्या गोंदाचा पातळ थर बोटाने चोळायचा. हा गोंदही पॉलियुरेथेनचाच आणि तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून रात्रभर हात लावायचा नाही. लांब फाटलं असेल, तर बाहेरून चिकटपट्टी लावून कडा जुळवायच्या, आतून गोंद कडांच्या पलीकडेपर्यंत पसरायचा आणि मोठ्या फाटीवर ठिगळ बसवायचं.

पायाकडच्या निओप्रीनच्या मोज्यांवर मात्र अल्कोहोलची ही युक्ती चालत नाही. तिथे पाणी भरून बाहेरून कुठे ओल फुटते, ते बघावं लागतं.