फिशिंग

फिशिंग : विश्वासातील व्यक्तीच्या वा संस्थेच्या नावाने ई-मेल पाठवून परवलीचा शब्द, पैसा किंवा कार्यालयीन संगणकजालात प्रवेश मिळविण्याचा फसवणुकीचा प्रकार. संज्ञा मासेमारीवरून आलेली आहे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या ग्राहकांना, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत असे भासवून, त्यांचे परवलीचे शब्द काढून घेण्याचे प्रकार १९९५ च्या सुमारास बोकाळले, तेव्हा ती रूढ झाली.

या फसवणुकीचे मूळ ई-मेलच्या रचनेतच आहे. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी त्याच्या वहनाचे जे नियम ग्रथित केले, त्यांत प्रेषकाचे नाव पडताळण्याची तरतूद नव्हती. तेव्हाचे संगणकजाल मुख्यतः विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरते असल्याने ही उणीव भासली नाही. मराठेशाहीतील राजपत्रांवर आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब असे. त्यामुळे मागाहून मजकूर घुसडणे अवघड होई. ई-मेलला अशा खुणा फार उशिरा जोडल्या गेल्या. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पद्धतींनी पाठविणारे क्षेत्रनाम पडताळता येते. परंतु एखाद-दुसरे अक्षर बदलून नोंदविलेले क्षेत्रनाम किंवा सहकाऱ्याचे बळकावलेले खाते त्यांच्या तावडीत सापडत नाही.

आरएसए या सुरक्षासाधने बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीतील काही कर्मचाऱ्यांना २०११ मध्ये 'भरती योजना' अशा विषयाचे पत्र आले. ते यंत्रणेने टाकाऊ पत्रांच्या कप्प्यात घातलेही होते. एका कर्मचाऱ्याने तेथून काढून सोबतचा एक्सेल तक्ता उघडला. परिणामी कंपनीच्या सिक्युअरआयडी साधनांविषयीची माहिती चोरीस गेली.

मार्च २०१६ मधील प्रकरण अधिक बोधक आहे. हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक-मोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना, परवलीचा शब्द ताबडतोब बदला, असे गूगलच्या नावाने पत्र आले. कार्यालयाने संगणक-साहाय्यकाचा सल्ला घेतला, हे योग्यच झाले. त्याने पत्र 'वैध' असल्याचे कळविले. आपणास 'अवैध' लिहावयाचे होते, असे त्याने मागाहून सांगितले. उत्तरात गूगलचा खरा दुवा दिलेला होता, तरी वापरला गेला तो मूळ पत्रातलाच. ऑक्टोबरपासून विकिलीक्सने पोडेस्टा यांची हजारो पत्रे प्रसिद्ध केली.

अशुद्ध भाषा ही पूर्वी अशा पत्राची ठळक खूण मानली जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्दोष मजकूर लिहिता येऊ लागल्यापासून तिच्यावर विसंबता येत नाही. घाई, गुप्ततेचा आग्रह आणि नेहमीची कार्यपद्धती टाळण्याची सूचना या खुणा अधिक टिकाऊ आहेत. शंका आल्यास पत्रातील दुवा वा दूरध्वनी-क्रमांक न वापरता, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर चौकशी करावी. दुवा उघडला गेलाच, तर पत्र नष्ट न करता तत्काळ वर्दी द्यावी व परवलीचा शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. चुकलेल्या कर्मचाऱ्याची जेथे हेटाळणी होते, तेथे ही वर्दी उशिरा येते आणि खरे नुकसान त्या विलंबाने होते.

भारतात नॅसकॉमच्या नावाने पत्रे पाठविल्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये, स्वतंत्र कायदा नसतानाही, फिशिंग बेकायदेशीर ठरविले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६ ड या कलमानुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.